पावसाचा अंदाज आणि शेतीचे निर्णय : मराठवाड्यातील अल्पभूधारकांना मदत करणाऱ्यांसाठी

मराठवाड्याचा पावसाळ्यातील सरासरी पाऊस सुमारे 680 मिलिमीटर आहे. परंतु सरासरीवर कोणाचे शेत पिकत नाही. हाच पाऊस जूनमध्ये दोन सरी देऊन पंधरा-वीस दिवस दडी मारतो, ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलात असताना ओढ देतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस काढणीला आलेल्या पिकावर एका रात्रीत कोसळतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने रब्बी पिके आणि फळबागा झोडपल्या, 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये बीड-धाराशिवकडची शिवारे पाण्याखाली गेली. मोठ्या ओलिताच्या शेतकऱ्याला असे एखादे वर्ष सोसता येते. ज्याच्याकडे दोन-तीन एकर कोरडवाहू आहे, त्याची एक पेरणी मोडली की बियाणे आणि खतासाठी दुसऱ्यांदा हात पसरावे लागतात आणि ती उधारी पुढच्या दोन हंगामांवर चढते.

हवामानाचा अंदाज आज प्रत्येकाच्या खिशात आहे, तरीही त्याचा उपयोग फारच थोड्यांना होतो. गावात सहायक कृषी अधिकारी, कृषी सखी, गटशेतीचे प्रमुख, शेतकरी उत्पादक कंपनीचे कार्यकर्ते किंवा घरातील शिकलेली मुले-मुली अंदाज वाचून दाखवतात. पण वाचून दाखवणे आणि त्यावरून निर्णय घेण्यास मदत करणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कसे कमी करावे, एवढ्याचसाठी हे लेखन आहे.

आधी निर्णय लिहून घ्यावेत

काम मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी सुरू करावे. शेतकऱ्यासोबत बसून त्याच्या हंगामात हवामानावर अवलंबून असणारे निर्णय कोणते, हे एका पानावर लिहावे: पेरणी कधी, कोणत्या तुकड्यात कोणते पीक, युरियाचा हप्ता, कोळपणी (पिकाच्या ओळींमधील वरची माती हलवणे), फवारणी, विहिरीचे किंवा शेततळ्याचे पाणी केव्हा सोडायचे, काढणीला मजूर केव्हा सांगायचे, मळणी यंत्र कोणत्या दिवशी आणायचे. प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहाव्यात. अंदाज मानून पाऊल उचलले आणि अंदाज चुकला, तर किती नुकसान होईल? आणि अंदाज मानला नाही, पण तो खरा ठरला, तर किती होईल?

माझ्या मते सगळी गुरुकिल्ली या दोन प्रश्नांत आहे. कापलेल्या सोयाबीनवर ताडपत्री टाकायला अर्ध्या तासाची मेहनत लागते; पाऊस नाही आला तरी काही बिघडत नाही, म्हणून तेथे अंधुक इशाराही पुरेसा मानावा. पेरणी मात्र परत घेता येत नाही. तेथे अंदाज कितीही आशादायक असला, तरी जमिनीत प्रत्यक्ष ओल असल्याशिवाय केवळ अंदाजाच्या भरवशावर बियाणे मातीत टाकू नये. अंदाजाचा भरवसा आणि कामाचा खर्च यांचा मेळ अशा प्रकारे घालायला शेतकऱ्यांना शिकवले, की ‘अंदाज खरा की खोटा’ हा वाद आपोआप मागे पडतो.

कोणता अंदाज कोणत्या निर्णयासाठी

भारतीय हवामान विभाग पावसाळ्याचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज एप्रिलच्या मध्याला देतो आणि मेअखेरीस त्यात सुधारणा करतो. हा अंदाज देशाच्या चार महिन्यांच्या एकूण पावसाविषयी असतो. 1971 ते 2020 या काळावरून काढलेली देशाची सरासरी 87 सेंटिमीटर धरून त्याच्या 96 ते 104 टक्क्यांना ‘सर्वसाधारण’ म्हटले जाते. गावातील पेरणीच्या तारखेशी त्याचा काही संबंध नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. 2023 मध्ये देशात 94 टक्के पाऊस झाला. आकडा फार वाईट वाटत नाही, परंतु त्यातला ऑगस्ट 1901 पासूनच्या नोंदींमधील सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. ‘एल निनो’चे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापून आपल्याकडे पाऊस कमी होण्याची भीती असते त्या स्थितीचे, नाव ऐकून घाबरणेही योग्य नाही; 1997 मध्ये तीव्र एल निनो असूनही देशाचा पाऊस सरासरीएवढा झाला होता. या अंदाजाचा खरा उपयोग पीकरचनेपुरता करावा: सोयाबीन सलग घ्यावे की त्यात तुरीचे आंतरपीक धरावे, लवकर येणारे वाण किती क्षेत्रावर घ्यावे, जनावरांसाठी कडबा राखून ठेवावा की विकावा.

हवामान विभागाचा दर गुरुवारी निघणारा विस्तारित अंदाज पुढील चार आठवड्यांचा असतो. त्यातील पहिले दोन आठवडे कामाचे. नंतरच्या दोन आठवड्यांवर फार भिस्त ठेवू नये. पुढचा आठवडा मराठवाड्यासाठी सरासरीपेक्षा ओला की कोरडा, एवढेच त्यातून घ्यावे. पेरणी आणि उघडीप या दोन्ही बाबतींत हाच अंदाज सर्वांत उपयोगी आहे आणि गावात सर्वांत कमी पोहोचतो.

रोजच्या कामांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी येणारी कृषी हवामान सल्ला पत्रिका पाहावी. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ मराठवाड्यासाठी ती मराठीत काढते आणि तिच्यात पुढील पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांसोबत पीकनिहाय सल्ला असतो. ‘मेघदूत’ अॅपवरही आपला जिल्हा निवडून हीच माहिती मिळते. ऑक्टोबर 2024 पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाजही उपलब्ध झाला आहे. परंतु गावाचे नाव लिहिलेले दिसले म्हणून तो आकडा गावात कोणी मोजून दिला, असा समज होऊ देऊ नये.

पत्रिकेतील शब्दांचा अर्थ

अंदाजावरचा विश्वास बहुतेक वेळा येथेच तुटतो. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस’ असे वाचले की शेतकरी ‘मुसळधार’ एवढाच शब्द लक्षात ठेवतो आणि आपल्या शिवारात थेंबही पडला नाही की पत्रिका फेकून देतो. प्रत्यक्षात ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर चौथा हिस्सा. ‘काही ठिकाणी’ म्हणजे चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापासून पाऊण हिश्श्यापर्यंत आणि त्याहून अधिक असेल तर पाऊस जवळपास सर्वदूर मानला जातो. म्हणून ‘तुरळक’ हा शब्द असेल तेव्हा चार गावांपैकी तीन गावे कोरडी राहिली, तरी अंदाज बरोबरच ठरतो. पेरणीचा विचार करताना किमान ‘बऱ्याच ठिकाणी’ हा शब्द शोधावा.

पावसाच्या जोरालाही ठरलेली मापे आहेत. चोवीस तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर म्हणजे हलका, 15.6 ते 64.4 म्हणजे मध्यम, 64.5 पासून पुढे जोरदार, 115.6 पासून अति जोरदार आणि 204.5 पासून अत्यंत जोरदार. मध्यम पावसाची ही पट्टी किती रुंद आहे, ते शेतकऱ्याला दाखवावे: 16 मिलिमीटरने काळ्या रानाची भेग बुजत नाही आणि 60 मिलिमीटरने ओढा वाहू लागतो, तरी दोन्ही ‘मध्यम’च.

इशाऱ्याच्या रंगांविषयीचा गैरसमजही दूर करावा लागतो. हिरवा म्हणजे पाऊस नाही असे नव्हे, तर इशारा द्यावा असे काही नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. मराठवाड्यात मे-जूनमध्ये पिवळा इशारा पुष्कळदा विजा आणि सोसाट्याच्या वाऱ्यासाठी असतो. तो पाहून ‘पाऊस लागला’ असे समजून तिफण जुंपणारे शेतकरी दर वर्षी दिसतात.

शिवाराचा पाऊस स्वतः मोजावा

राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत, पण एका मंडळात अनेक गावे येतात आणि आपल्याकडचा पाऊस रस्त्याच्या अलीकडे पडतो नि पलीकडे पडत नाही. म्हणून प्रत्येक वाडीत किंवा निदान प्रत्येक गटात एक साधे पर्जन्यमापक असावे. विकतचे नसेल तर सपाट बुडाचा, सरळ उभ्या भिंतींचा कोणताही डबा चालतो. तोंड रुंद असो वा अरुंद, आत साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली की तोच मिलिमीटरमधला पाऊस. वर निमुळता किंवा बुडाशी गोलाई असलेला डबा घेऊ नये. तो उघड्यावर, झाड किंवा भिंत जितकी उंच असेल त्याच्या दुप्पट अंतरावर, सपाट जागी पक्का बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता मोजून रिकामा करावा. हवामान विभागाचा दिवसही साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, त्यामुळे आपली नोंद सरकारी आकड्याशी ताडून पाहता येते.

हे काम शाळकरी मुलगी उत्तम करते. तिने वहीत तारीख आणि आकडा लिहिला, की पावसाविषयीच्या गप्पांचे रूप बदलते. ‘लई पडला’ याऐवजी ‘बावीस पडला’ असे बोलले जाऊ लागते, आणि एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी, हा हिशोब सांगितला की बांध फुटू देणारा शेतकरीही विचारात पडतो.

पेरणी

सलग काही दिवसांत मिळून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी विद्यापीठाचा आणि कृषी विभागाचा सल्ला प्रत्येकाला तोंडपाठ आहे. तो पाळणे का अवघड जाते, हे समजून घ्यावे. शेजाऱ्याची तिफण चालू झाली की आपण मागे पडलो असे वाटते, पेरणीचा ट्रॅक्टर पुन्हा मिळेल की नाही याची धाकधूक असते आणि मृग साधला पाहिजे ही वाडवडिलांची शिकवण मनात असते. या गोष्टींना हसून चालत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा गंगाखेडकडच्या एका शेतकऱ्याची तीन एकर जमीन आहे: दोन एकर नाल्याकाठची भारी काळी आणि एक एकर माळावरची मुरमाड. 14 जूनला डब्यात 28 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, 17 जूनला 35. एकूण 63 झाला आणि गावात पेरण्या सुरू झाल्या. गुरुवारचा विस्तारित अंदाज पुढचा आठवडा सरासरीपेक्षा कोरडा सांगतो आणि शुक्रवारची पत्रिका ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ म्हणते. अशा वेळी त्याच्यासोबत रानात जाऊन टिकावाने माती उकरून पाहावी. ओल वीतभर उतरली आहे, की चार बोटांवर कोरडी ढेकळे लागतात? उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत 63 मिलिमीटर पाणी बरेचसे भेगांत जाते आणि वरचा थर दोन उन्हांत सुकतो. बियाणे फुगते, मोड येतो आणि मोड करपतो.

आता त्या पानावरचे दोन प्रश्न काढावेत. थांबून चूक झाली, म्हणजे पाऊस आला, तर आठ-दहा दिवसांचा उशीर होईल. सोयाबीन आणि कापसाची पेरणी 15 जुलैपर्यंत करता येते, तेव्हा हा उशीर झेपण्यासारखा आहे. पेरून चूक झाली, तर एकरी सुमारे 30 किलो बियाणे आणि पायाचे खत दोन्ही जातील. मात्र मूग-उडीद घ्यायचा असेल तर हिशोब वेगळा, कारण त्यांची पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापुढे नेऊ नये. हे सर्व मांडून झाल्यावर निर्णय शेतकऱ्यावर सोडावा. नुकसान त्याचे होणार असल्यामुळे ‘थांबा’ किंवा ‘पेरा’ असा हुकूम देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुढे 26 जूनला 40 मिलिमीटर पाऊस झाला आणि पत्रिकेत ‘बऱ्याच ठिकाणी मध्यम पाऊस’ आला, तर वाफसा येताच, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी होताच, काळ्या रानात पेरावे. मुरमाड एकरात ओल टिकत नाही, म्हणून तेथे पुढच्या पावसाची खात्री होईपर्यंत थांबायला हरकत नाही. बियाणे घरचे असेल तर या थांबण्याच्या दिवसांतच शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहावी. 70 पेक्षा कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते. शक्य असेल तेथे रुंद वरंबा सरी पद्धतीने, म्हणजे रुंद वरंब्यावर पीक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सरी अशी, पेरणी करावी, कारण उघडिपीत सरीतली ओल टिकते आणि अतिवृष्टीत तीच सरी पाणी बाहेर काढते. 15 जुलै उलटूनही पेरणी झाली नाही, तर सोयाबीनचा हट्ट सोडून तूर, सूर्यफूल, बाजरी, एरंडी यांकडे वळावे लागेल. त्या बियाण्याची चौकशी गटाने जुलैच्या सुरुवातीलाच करून ठेवावी.

उघडीप लांबली तर

‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही म्हण काळ्या जमिनीत अक्षरशः खरी आहे. कोळपणीने वरच्या भेगा बुजतात आणि मातीचा सैल थर खालची ओल धरून ठेवतो. म्हणून विस्तारित अंदाज कोरडा आठवडा सांगताच, भेगा पडण्याची वाट न पाहता कोळपे चालवावे. सोयाबीन फुलावर आल्यावर मात्र कोळपणी करू नये, मुळे तुटतात. पुढे ताण वाढू लागला तर पोटॅशियम नायट्रेटची एक टक्का फवारणी, म्हणजे दहा लिटर पाण्यात 100 ग्रॅम, करता येते.

विहिरीत थोडेच पाणी असेल तर प्रश्न अवघड होतो: पत्रिका तीन दिवसांनी पाऊस सांगते, मग पाणी आज द्यावे की राखून ठेवावे? पीक वाढीच्या अवस्थेत असेल तर तीन दिवस थांबावे. फुले लागली असतील किंवा शेंगा भरत असतील, तर अंदाजाची वाट पाहू नये आणि तुषार संचाने हलके पाणी द्यावे, कारण या अवस्थेतील ताणाने झालेली घट नंतरच्या पावसाने भरून निघत नाही.

फवारणी आणि युरिया यांचा नियम सोपा आहे. फवारणीनंतर चार ते सहा तास पाऊस नको आणि वारा संथ हवा; युरिया जोरदार पावसाच्या आदल्या दिवशी टाकू नये, तो ओढ्याला जातो.

काढणी

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे दिवस सर्वांत नाजूक असतात, कारण तयार पीक आणि परतीचा पाऊस एकाच वेळी समोर असतात. सोयाबीन कापून वाळवून मळायला सलग तीन-चार कोरडे दिवस लागतात. शेतकरी मजूर मिळाले की सगळे रान एकदम कापून टाकतो आणि मळणी यंत्राची वाट पाहत बसतो. याच वेळी पाऊस आला तर उभ्या पिकापेक्षा कापून पसरलेल्या पिकाचे नुकसान जास्त होते. म्हणून गटातील सदस्यांनी कोणाचे सोयाबीन आधी पिकले याप्रमाणे क्रम लावावा, मळणी यंत्र आधी ठरवावे आणि पाच दिवसांच्या अंदाजात जेवढे कोरडे दिवस दिसतात त्यांत जेवढे मळून होईल तेवढेच कापावे.

नारंगी इशारा आला आणि पीक कापून पडलेले असेल, तर दिवस मावळायच्या आत गोळा करून उंचवट्यावर गंजी लावावी आणि ताडपत्रीने झाकावे. ओले पीक गंजीत दाबून ठेवू नये. आत उष्णता धरते आणि दाण्याला बुरशी लागते. पाऊस थांबताच गंजी उकलून पसरावी. पीक उभे असेल तर बांधाच्या उताराच्या बाजूने चर काढून पाण्याला वाट करून द्यावी. कापूस फुटलेला असेल तर इशाऱ्याच्या आदल्या दिवशी, दव वाळल्यावर, जेवढा जमेल तेवढा वेचून घ्यावा.

विजांबाबत चालढकल करू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप आसपासच्या 20 ते 40 किलोमीटरमधील विजांची सूचना देते. ज्याच्याकडे ते असेल त्याने शेजारच्या रानातील बायकांना आणि गुराख्यांना हाक मारावी. कोणीही झाडाखाली उभे राहू नये.

निरोप कसा पोहोचवावा

पत्रिकेची पीडीएफ ग्रुपवर टाकून काम संपत नाही. खुरपणी, वेचणी, वाळवण ही कामे बायका करतात आणि फोन बहुधा पुरुषांच्या खिशात असतो; म्हणून निरोप बचत गटाच्या बैठकीत, पाणवठ्यावर, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरूनही गेला पाहिजे. आवाजी संदेश गावाच्या बोलीत, एका मिनिटाच्या आत असावा आणि त्यात अंदाज, त्याची मर्यादा आणि काम, हे तिन्ही असावे. उदाहरणार्थ: “मावशी, दादा, उद्या आन् परवा आपल्या जिल्ह्यात काही ठिकाणी जोराचा पाऊस सांगितलाय. आपल्याच शिवारात पडंल असं नाही. पण ज्यांचं सोयाबीन कापून पडलंय त्यांनी आज दिवस मावळायच्या आत झाकून घ्या. ज्यांचं उभं आहे त्यांनी शुक्रवारच्या निरोपापर्यंत कापू नका.”

समाजमाध्यमांवर फिरणारे संदेश पुढे पाठवण्यापूर्वी कोणी दिला, कोणत्या तारखेला दिला आणि कोणत्या भागासाठी दिला, हे पाहावे. यातील एकही गोष्ट नसेल तर तो पाठवू नये. जुन्या माणसांशी नक्षत्रांवरून वाद घालू नये. मृग 7-8 जूनला लागतो, आर्द्रा 21-22 जूनला, आणि पारावर बसलेले आबा याच दिनदर्शिकेने विचार करतात. “आबा, मृग लागला हे खरं, पण रान किती भिजलंय ते उकरून बघू” असे म्हटले की ते स्वतः उठून सोबत येतात आणि मातीची ओल आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त कळते.

वही

पावसाच्या नोंदीशेजारी दुसरा रकाना ठेवून मंगळवार-शुक्रवारच्या पत्रिकेने काय सांगितले होते, ते लिहीत जावे. एक-दोन हंगामांत गटाला स्वतःलाच दिसू लागते की कोरड्या दिवसांचा अंदाज आपल्या शिवारात बहुधा खरा ठरतो का, आणि जोरदार पावसाचा आकडा कुठे कमी-जास्त होतो. सप्टेंबरअखेर या वहीतील पावसाची बेरीज करून, रानात पुन्हा माती उकरून ओल किती खोल आहे ते पाहावे आणि परतीच्या पावसाचा अंदाज जोडून रब्बी ठरवावी: ओल खोलवर असेल तर भारी जमिनीत हरभरा, बेताची असेल तर ज्वारी किंवा करडई, आणि मुरमाड तुकडा ओल नसेल तर तसाच सोडावा. मे महिन्यात नवे पान लिहायला बसताना मागच्या वर्षीचे पान आणि ही वही दोन्ही समोर ठेवावीत आणि ज्या निर्णयात सर्वांत जास्त पैसा गेला, त्याच्यापासून बोलायला सुरुवात करावी.